मला मासा लागू पडला होता

आजची पोस्ट मोठी आहे. घरात लहान मूल असेल आणि दर पंधरा दिवसांनी त्याला वाफ द्यायला दवाखान्यात न्यावं लागत असेल, तर सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

१९८८ चा जून. मी नऊ वर्षांचा होतो. वडील मला घेऊन बार्शीहून एसटीने सोलापूरला आणि तिथून रात्रीच्या गाडीने हैदराबादला गेले. जुन्या शहरात, दूधबावली भागात, मृग लागायच्या दिवशी माणसांचा समुद्र लोटला होता. आपल्याकडची, कर्नाटकातली, पार उत्तरेकडची कुटुंबं रात्रभर रांगेत. आमचा नंबर आला तेव्हा एका माणसाने माझं तोंड उघडलं आणि बोटाएवढी जिवंत मरळ, तिच्या तोंडात पिवळसर लगदा भरलेला, थेट घशात सोडली. ती वळवळत खाली गेली. मी ओकलो नाही, याचं वडिलांना फार कौतुक वाटलं. बाहेर आल्यावर त्यांनी मला केळं घेऊन दिलं.

बथिनी गौड कुटुंबाचं हे औषध. आता त्याला ‘प्रसादम’ म्हणतात. १८४५ पासून देतोय असं ते कुटुंब सांगतं आणि त्याचे पैसे घेत नाही. जे मांस-मासे खात नाहीत त्यांना गुळातून देतात. आमच्या गल्लीतल्या एका माळकरी काकांनी त्यांच्या पोराला गुळातूनच दिलं होतं. नियम असा, की तीन वर्षं सलग यायचं आणि दर खेपेला ४५ दिवस पथ्य पाळायचं. आम्ही तिन्ही जून केले. दहावीला जाईपर्यंत माझा दमा गेला होता. मी मैदानावर पळायला लागलो, कॉलेजात कबड्डी खेळलो. आमच्या घरात तेव्हापासून एक वाक्य ठरून गेलं: “ह्याला मासा लागू पडला.”

पंचवीस वर्षं माझाही त्यावर विश्वास होता. मग मला मुलगी झाली.

ती अडीच वर्षांची असताना पहिल्यांदा छाती वाजली. सर्दी झाली की दोन दिवसांत घरघर, रात्री खोकून खोकून उलटी, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जायची. गावातल्या डॉक्टरांच्या फाइलवर तीन वर्षं एकच नाव होतं, ‘ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस’. सिरप, अँटिबायोटिक, वाफ आणि घरी. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मी एकदा विचारलं, डॉक्टरसाहेब, हा दमा आहे का? ते हसून म्हणाले, “मुलगी आहे ना, कशाला तो शब्द?” घरी आईचंही तेच. “पोरीची जात आहे. उद्या लग्नाचं बघायचं. दमा म्हणू नको कुणापुढं.” आणि पुढचं वाक्य ठरलेलं: “मृगाला हैदराबादला नेऊन आणू. तुला नाही का गुण आला?”

मी पत्रकार माणूस. मला का गुण आला हे शोधायला लागलो, आणि त्या नादात दम्याचा इतिहास वाचत गेलो. तो आज तुमच्यापुढे ठेवतो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण या आजाराच्या इतिहासात डॉक्टर किती वेळा चुकले आणि त्यांनी आपली चूक कशी दुरुस्त केली, हे पालकांना माहीत असायला हवं.

सुरुवात आपल्याकडून करू. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितलेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. यातला क्षुद्रश्वास म्हणजे दमछाक, जिना चढल्यावर लागते ती धाप. पहिले तीन बहुतेक मरणाच्या दारातले. आणि तमकश्वास म्हणजे आपण ज्याला दमा म्हणतो तो. दोन हजार वर्षांपूर्वीचं ते वर्णन वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आभाळ भरून आलं की वाढतो, गारठ्याने वाढतो, पूर्वेकडचा वारा सुटला की वाढतो. माणसाला आडवं पडता येत नाही, बसून राहिलं की बरं वाटतं. कफ सुटला की घटकाभर सुख. माझी लेक मध्यरात्री उशी पोटाशी धरून बसलेली असायची, अगदी तशीच. चरकाने त्यावर निदानही दिलंय. हा आजार ‘याप्य’ आहे, म्हणजे मुळापासून जात नाही पण औषधपथ्याने काबूत राहतो. नुकताच सुरू झाला असेल तर बराही होऊ शकतो. ‘याप्य’ हा शब्द मला फार आवडला. ‘बरा होणार’ आणि ‘बरा होणार नाही’ यांच्या मधली एक जागा असते, ती आपण विसरलो. म्हणून मुळापासून घालवण्याची हमी देणाऱ्यांच्या दारात आपल्या रांगा लागतात.

आता एकदम इंग्लंडात जाऊ. १८६० साली लंडनच्या हेन्री हाइड सॉल्टर या डॉक्टराने दम्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याला स्वतःला लहानपणापासून दमा होता. मांजराजवळ गेलं की त्याला धाप लागायची, हे त्याने नोंदवून ठेवलंय. त्या काळात ॲलर्जी हा शब्दही जन्माला आला नव्हता. तो शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली बनवला. सॉल्टरचा आवडता उपाय म्हणजे उपाशीपोटी कडक काळी कॉफी. हसू नका. कॉफीतल्या कॅफिनचा सख्खा भाऊ म्हणजे थिओफायलिन, आणि आपल्याकडे प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्याच्या उशाशी जी डेरिफायलीनची गोळी असायची तिच्यात हेच थिओफायलिन असतं. अमेरिकेचा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्ट लहानपणी दम्याने बेजार होता. त्याचे वडील त्याला मध्यरात्री घोडागाडीत बसवून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून हवा खायला फिरवत, काळी कॉफी पाजत आणि सिगार ओढायला लावत. पोटच्या पोराला सिगार! पण हातात दुसरं काही नसलेल्या बापाची तगमग मला कळते. माझ्या वडिलांनी मला जिवंत मासा गिळायला लावलाच ना.

धुराचं वेड मात्र इथून तिकडे गेलं. मद्रासेत धोतऱ्याचा धूर दम्यावर घेतात हे कंपनी सरकारच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि १८०२ मध्ये जनरल जेंट नावाच्या अधिकाऱ्याने ती माहिती ब्रिटनला नेली. मग शंभर-सव्वाशे वर्षं युरोपात धोतऱ्याच्या सिगारेटी औषधांच्या दुकानात मिळायच्या, मुलांनाही द्यायचे. आमच्या आज्जीच्या माहेरीही धोतऱ्याच्या पानाची विडी करून ओढणारे लोक होते. कुणी करू नका, धोतरा विषारी आहे, माणूस भ्रमिष्ट होतो. पण त्यात तथ्य नव्हतं असं नाही. धोतऱ्यात ॲट्रोपिन असतं, ते श्वासनळ्या सैल करतं. त्याच ॲट्रोपिनवरून पुढे इप्रॅट्रोपियम हे औषध बनवलं गेलं. आज तुमच्या बाळाला वाफेत जे ड्युओलिन घालतात, त्यात ते असतं.

आता जो भाग सांगणार आहे, तो आयांनी जरूर वाचावा.

सॉल्टरच्या काळापासून डॉक्टरांची एक समजूत होती की दमा हा मज्जातंतूंचा, म्हणजे एका अर्थी स्वभावाचा आजार आहे. १८९२ मध्ये विल्यम ऑस्लरचं गाजलेलं पाठ्यपुस्तक आलं, त्यातही तसंच. मग फ्रॉइडचा जमाना आला आणि शिकागोच्या फ्रान्झ अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ च्या सुमाराला मांडलं, की दम्याचा झटका म्हणजे मुलाचं आईसाठीचं दाबून ठेवलेलं रडणं. झालं. आजाराचं खापर आईच्या डोक्यावर. अमेरिकेत डेन्व्हर शहरात दमेकरी मुलांसाठी एक निवासी संस्था होती. देशभरातली ज्यांचा दमा कशालाच दाद देत नव्हता अशी मुलं तिथे आणून ठेवायचे, आईबापापासून लांब, दोन-दोन वर्षं. न्यूयॉर्कचे ॲलर्जीतज्ज्ञ मरे पेश्किन यांनी या उपचाराला नावही दिलं: ‘पॅरेन्टेक्टमी’. अपेंडिक्स कापून काढतात तसे आईवडील कापून काढायचे!

आणि बरीच मुलं तिथे खरंच बरी व्हायची. मग आईच दोषी, हे सिद्धच झालं की.

पण डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच आहे आणि तिथली हवा कोरडी आहे. नेदरलँडमधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६४ नंतर दाखवून दिलं, की घरातल्या धुळीत दमा उठवणारा मुख्य आरोपी म्हणजे डोळ्यांना न दिसणारा किडा, धूळमाइट. गादी, उशी, पांघरूण हे त्याचं घर. त्याला जगायला दमट हवा लागते आणि उंचावरच्या कोरड्या हवेत तो टिकत नाही. म्हणजे ज्याला सगळे आईपासूनची सुटका समजत होते, ती बऱ्याच मुलांच्या बाबतीत गादीपासूनची सुटका असणार.

तरी गोष्ट इतकी सरळ नाही. डेन्व्हरमध्येच केनेथ पर्सेल आणि सहकाऱ्यांनी एक अफलातून प्रयोग केला, तो १९६९ मध्ये छापून आला. त्यांनी मुलाला हलवलंच नाही. मूल त्याच घरात, त्याच गादीवर, त्याच धुळीत राहिलं आणि घरच्यांना दोन आठवडे हॉटेलात पाठवलं. मुलाजवळ सांभाळायला दुसरी बाई. अशी २५ मुलं. त्यांनी आधीच मुलाखती घेऊन भाकीत केलं होतं की यातल्या १३ जणांना फरक पडेल, बाकीच्यांना नाही. साधारण तसंच झालं. म्हणजे घरातल्या ताणतणावाचा दम्यावर परिणाम होतो, पण काही मुलांवर, सगळ्यांवर नाही. रडल्यावर, रागावल्यावर, हसल्यावरसुद्धा झटका येऊ शकतो. ते झटक्याचं निमित्त झालं. आईमुळे दमा होतो असा त्याचा अर्थ निघत नाही.

माझ्या बायकोला नातेवाइकांनी काय काय ऐकवलं असेल ते वेगळं सांगायला नको. गरोदरपणी आइस्क्रीम खाल्लं, दही खाल्लं, नोकरी करते, पोरीकडे लक्ष नाही. हे सगळं वाचून मी तिला डेन्व्हरची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “म्हणजे अमेरिकेतपण हेच का?”

पंपाची गोष्ट मात्र एका पोरीच्या प्रश्नातून सुरू झाली. १९५५ साल. लॉस एंजलिसमधल्या रायकर या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या १३ वर्षांच्या मुलीला, सुझीला दमा होता. तेव्हा औषध काचेच्या नळीत घालून रबराचा फुगा दाबून तोंडात मारावं लागे. काच फुटायची, डोस कमीजास्त व्हायचा. ती वैतागून वडिलांना म्हणाली, केसांवर मारायच्या स्प्रेसारखं माझं औषध डब्यात का नाही भरत? कंपनीने ते मनावर घेतलं आणि १९५६ मध्ये मोजून डोस देणारा पहिला पंप बाजारात आला. आपल्याकडे मुंबईच्या सिप्लाने १९७८ पासून असे पंप बनवायला सुरुवात केली.

पण पुढचा अध्याय काळा आहे. १९६० च्या दशकात इंग्लंड आणि वेल्समध्ये दम्याने मरणाऱ्यांची संख्या अचानक वाढली. १० ते १४ वयाच्या मुलांत तर काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण सात-आठ पटींनी वर गेलं. शोध घेतल्यावर बोट गेलं पंपाकडे. तेव्हाच्या पंपात आयसोप्रिनलिन असायचं, तेही जोरकस डोसमध्ये, आणि ते दुकानात चिठ्ठीशिवाय मिळायचं. फवारा मारला की क्षणात मोकळं वाटे. मुलं मारत राहिली. आतली सूज वाढत राहिली, डॉक्टरकडे जायला उशीर झाला, हृदयावरही ताण आला. १९६८ मध्ये तिथे ते चिठ्ठीशिवाय विकणं बंद झालं आणि मृत्यूही खाली आले.

ही गोष्ट मी एवढ्या सविस्तर का सांगतोय? आपल्याकडे ‘पंपाची सवय लागते’ ही भीती घरोघर आहे आणि तिचं मूळ बहुधा असल्याच कुठल्यातरी ऐकीव गोष्टीत असेल. पण पंप दोन जातीचे असतात. एक तात्पुरता मोकळं करणारा, साल्बुटामॉलचा, १९६९ मध्ये आलेला. दुसरा सूज कमी करणारा, अगदी कमी मात्रेच्या स्टेरॉइडचा, जो ब्रिटनमध्ये १९७२ मध्ये आला. आपल्या गावात गंमत अशी, की पहिला मेडिकलवर कुणीही मागून नेतो आणि दुसऱ्याचं नाव काढलं की आज्जी हात जोडते. खरं तर जपून वापरायचा पहिला आहे. तो वरचेवर लागायला लागला तर आजार काबूत नाही, असं समजायचं. दुसऱ्याचाही तोटा आहे, तो लपवणार नाही. अमेरिकेत हजारावर मुलांवर झालेल्या अभ्यासात असा पंप अनेक वर्षं घेणाऱ्यांची मोठेपणीची उंची सरासरी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास कमी भरली. सव्वा सेंटिमीटर म्हणजे नखाएवढं. दुसऱ्या पारड्यात रात्री गुदमरणारं पोर आहे. तुम्हीच ठरवा.

आता येतो मूळ मुद्द्यावर, नावाच्या.

१९८३ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल भागातल्या डॉक्टरांनी सात वर्षांच्या मुलांची पाहणी करून एक निबंध छापला. छातीतून शिट्टी वाजणाऱ्या १७९ मुलांच्या पालकांशी ते बोलले. त्यातल्या फक्त २१ जणांच्या घरी ‘दमा’ हा शब्द डॉक्टरांनी उच्चारला होता. बाकीच्यांच्या कागदावर काय? ब्रॉन्कायटिस, छातीत कफ, वगैरे. आणि नाव नाही म्हणून औषधही नाही, कारण दम्याचं औषध दमा म्हटल्याशिवाय कोण देणार? अँटिबायोटिकचे कोर्स मात्र चालू. ज्या मुलांची शाळा सगळ्यात जास्त बुडत होती त्यांना दम्याचे नीट उपचार सुरू केल्यावर त्यांची गैरहजेरी जवळपास दहापटीने कमी झाली. हे वाचलं आणि मी उठून लेकीची फाइल काढली. ब्रॉन्कायटिस, ब्रॉन्कायटिस, ब्रॉन्कायटिस. ४० वर्षांपूर्वीचं न्यूकॅसल आणि आजचं आपलं गाव.

पण लंबक दुसऱ्या टोकालाही गेला. त्यानंतरच्या काळात तिकडे ज्याची छाती वाजेल त्याला दमेकरी म्हणायची लाट आली. ती थांबवली ॲरिझोनातल्या टूसॉन शहराने. तिथल्या डॉक्टरांनी १९८० पासून १,२४६ नवजात बाळांची नोंद केली आणि त्यांच्या मागे लागले, ती मोठी होईपर्यंत. काही बाळांची फुप्फुसं तर पहिलं आजारपण यायच्या आधीच मोजून ठेवली. किती शहाणपणाची गोष्ट! १९९५ मध्ये फर्नांडो मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी यातल्या ८२६ मुलांचा सहा वर्षांपर्यंतचा हिशोब मांडला. निम्म्याहून थोड्या जास्त मुलांची छाती कधीच वाजली नाही. जवळपास २० टक्के मुलांची तीन वर्षांच्या आत वाजली आणि सहा वर्षांपर्यंत आपोआप थांबली. १५ टक्के मुलांना तीन वर्षांनंतर सुरू झाली. आणि सुमारे १४ टक्के मुलांची लवकर सुरू होऊन सहाव्या वर्षीही चालू होती.

पहिल्या २० टक्क्यांना खरं तर दमा नव्हताच. त्यांच्या श्वासनळ्या जन्मतःच अरुंद होत्या. सर्दीचा विषाणू आला, थोडी सूज आली की शिट्टी वाजायची. मूल वाढलं, नळ्या रुंदावल्या, शिट्टी थांबली. ॲलर्जीचा संबंध नाही. या मुलांच्या आया गरोदरपणी सिगारेट ओढणाऱ्या असण्याचं प्रमाण जास्त होतं. शेवटच्या १४ टक्क्यांचं चित्र वेगळं. आईला दमा, मुलाच्या त्वचेवर इसब, रक्तात ॲलर्जीच्या खुणा. यांचा दमा खरा, आणि यांना लवकर उपचार हवेत. दोन वर्षांच्या वयात ही दोन्ही मुलं दवाखान्याच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेली असतात आणि दोघांची घरघर कानाला एकसारखीच लागते.

हे मला पुस्तकातून नंतर कळलं. आधी कळलं ते सोलापूरला. २०१९ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, फटाक्यांच्या धुरात लेकीचे ओठ निळसर झाले. पाच वर्षांची होती. मित्राची गाडी काढून रात्रीच गेलो. तीन दिवस ॲडमिट होती. तिथल्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी सोडताना अर्धा तास बसवून नुसते प्रश्न विचारले. फक्त सर्दीतच वाजते का, की एरवीपण? हसल्यावर, पळाल्यावर खोकला? रात्री दोन-तीनला उठते का? कोपराच्या, गुडघ्याच्या मागे खाज? सकाळी शिंका? घरात कुणाला? मी म्हणालो, मला होता, लहानपणी. त्यांनी लिहिलं आणि आमच्याकडे बघून सरळ म्हणाल्या, “हा दमा आहे. घाबरू नका, पण नाव बदलू नका.”

ते प्रश्न टूसॉनवरून आलेले होते, हे मला पुढे वाचताना समजलं. सर्दीपुरतीच छाती वाजणारी मुलं एकीकडे; आणि सर्दी, धूळ, धूर, पळणं, हसणं अशा कशानेही जिची वाजते ती दुसरीकडे. काही मुलांची छाती वाजतच नाही, नुसता कोरडा खोकला, तोही रात्री. ती महिनोन्महिने कफ सिरपवर काढतात. काहींना खेळाच्या तासालाच त्रास होतो आणि मास्तर त्याला आळस म्हणतात. मला म्हणत होते.

आता माझा मासा. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी १९६४ मध्ये सात वर्षांची मुलं निवडली आणि ती पन्नाशीची होईपर्यंत त्यांना तपासत राहिले. लहानपणी ज्यांना फक्त सर्दीबरोबर घरघर व्हायची, त्यातले ६४ टक्के पन्नाशीत ठणठणीत होते. ज्यांना दमा होता त्यातले ४७ टक्के. तीव्र दमा असलेल्यांतले मात्र फक्त १५ टक्के. यातल्या कुणी मासा गिळला नव्हता. शिवाय लहानपणी दमा मुलांना जास्त असतो आणि वयात येताना अनेकांचा ओसरतो. मुलींच्या बाबतीत वयात आल्यावर उलट वाढायला लागतो. नवव्या वर्षी सुरू करून तीन वर्षं सलग काहीही केलं असतं, तरी त्याचा शेवट माझ्या मिसरुडापाशीच झाला असता. आमच्या गल्लीतल्या माळकरी काकांच्या पोरालाही गुळाने गुण आला नाही. तो आजही पंप घेतो, पण त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. ज्याला लागू पडतं तोच गावभर सांगत फिरतो, बाकीचे गप्प बसतात.

वडील आता नाहीत. असते तर हे त्यांना सांगितलं असतं का, माहीत नाही. तीन उन्हाळे त्यांनी माझ्यासाठी उसने पैसे काढले होते.

जाता जाता गावाचं बोलतो, कारण ही पोस्ट त्यासाठीही आहे. १९८० च्या दशकात स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात एकाच दिवशी कितीतरी लोकांना दम्याचे झटके यायचे, दवाखाने भरून जायचे, कारण सापडत नव्हतं. शेवटी दिवस जुळवून पाहिले तर बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवल्याचे तेच दिवस. कोठाराला गाळण्या बसवल्या आणि झटक्यांचे ते दिवस थांबले. तो अभ्यास मोठ्या माणसांचा होता, मुलांचा नाही. पण आमच्या बार्शीत डाळमिली आहेत, आडत बाजार आहे, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची पोती उलटी होतात तेव्हा रस्त्यावर धुक्यासारखी धूळ असते. बाजाराच्या भिंतीला लागून पोरं शाळेत जातात. धूळ मारायला पाणी, मिलींना गाळण्या, एवढं मागायला कुणा शास्त्रज्ञाची गरज नाही. बाजार समितीच्या पुढच्या सभेला मी हा विषय मांडणार आहे. ज्यांची पोरं खोकतात त्यांनी यावं.

दुसरं, स्पेसर. पंपातलं औषध लहान मुलाच्या छातीत पोचायला मधे तो प्लॅस्टिकचा डबा लागतो, नाहीतर सगळं जिभेवरच बसतं. महाग म्हणून लोक घेत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या हेदर झार यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या साध्या प्लॅस्टिक बाटलीला नीट भोक पाडून, पंप घट्ट बसवला तर झटक्याच्या वेळी ती विकतच्या स्पेसरएवढंच काम करते. घरी प्रयोग करू नका, डॉक्टरांकडून बसवून घ्या. पण आपल्या आरोग्य केंद्रांत हे शिकवायला काय हरकत आहे?

लेक आता अकरा वर्षांची आहे. सकाळ-संध्याकाळ स्पेसरमधून पंप घेते आणि मागच्या वर्षभरात एकदाही वाफ लागली नाही. जूनमध्ये नव्या शाळेचा प्रवेशअर्ज भरत होतो. ‘पाल्यास काही आजार असल्यास नमूद करावे’ असा रकाना होता. मी पेन घेऊन विचार करत बसलो, खोटं कशाला बोलू, आईचा आवाज कानात होताच. बायकोने पेन ओढून घेतलं आणि लिहिलं: दमा. खाली पंपाचं नाव आणि दोघांचे मोबाइल नंबर.

आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिने वाचायला सांगितलं, मी वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठिवा. पटकन सापडाया पाहिजे.”